अँटीसायकोटिक गोळ्यांचे रेंगाळणारे दुष्परिणाम: ओळखायचे कसे, मोजायचे कसे, कमी करायचे कसे

अँटीसायकोटिक, म्हणजे भास आणि संशयावरच्या, गोळ्यांनी स्किझोफ्रेनियासारखा आजार आटोक्यात येतो. आवाज ऐकू येणं थांबतं, संशय ओसरतो, झोप लागते. आणि मग एक दिवस घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं की हा सतत काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवतोय. किंवा हिची पाळी कित्येक महिन्यांत आलेली नाही. किंवा जुनी एकही पँट कमरेला लागत नाही. डॉक्टरांना सांगावं तर "गोळ्यांनी होतं थोडंफार" असं उत्तर मिळतं. मग घरी दोनच वाटा दिसू लागतात: सोसत राहायचं, नाहीतर गोळ्या बंद करून टाकायच्या. या दोन्हींच्या मध्ये करण्यासारखं बरंच आहे, ते इथे क्रमाने लिहितो.

मी शुभंकर आहे, म्हणजे मानसिक आजार असलेल्याची (त्याला शुभार्थी म्हणतात) काळजी घेणारा नातेवाईक; डॉक्टर नाही. धाकट्या भावाच्या निमित्ताने हे सगळं वाचावं लागलं, विचारावं लागलं. म्हणून या लेखातलं काहीही परस्पर करायचं नाही, डॉक्टरांसमोर बसून बोलण्यासाठी वापरायचं. मुख्य मुद्दा एकच: हे सगळे दुष्परिणाम "साइड इफेक्ट" या एकाच नावाखाली येत असले तरी त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत, काही तर एकमेकांच्या उलट आहेत. त्यामुळे आधी नेमका कोणता त्रास आहे ते ठरवायचं, मग मोजायचं, आणि मगच औषधाला हात लावायचा.

सुरुवातीलाच: झटक्यात बंद नको

२०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. स्किझोफ्रेनियात स्थिर असलेल्या लोकांपैकी औषध चालू ठेवणाऱ्यांमध्ये सात ते बारा महिन्यांत २७ टक्क्यांचा आजार उलटला, औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी मिळालेल्यांमध्ये ६४ टक्क्यांचा. या ६४ मध्ये अचानक बंद केल्याचा वाटा किती, यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. पण घरी बसून गोळ्या बंद करणाऱ्याला त्या वादाचा काही उपयोग नाही.

शिवाय अचानक थांबवलं की आजाराशी संबंध नसलेला त्रासही सुरू होतो: झोप उडणं, मळमळ, घाम, अस्वस्थता. क्लोझापिनच्या बाबतीत हे फार तीव्र असू शकतं. ती गोळी ४८ तासांपेक्षा जास्त काळ चुकली, तर पूर्वीच्याच डोसने पुन्हा सुरू करायची नसते, डॉक्टर अगदी छोट्या डोसपासून परत चढवतात. प्रवासाला जाताना, उपवासाच्या दिवशी, दुसऱ्या कारणाने इस्पितळात भरती झाल्यावर हे विसरलं जातं.

पायरी पहिली: औषधांचा पूर्ण इतिहास एका कागदावर

जुन्या चिठ्ठ्या, रिकामी पाकिटं, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलवाल्याची बिलं, जे असेल ते काढा. एका कागदावर तीन रकाने करा: औषध आणि डोस, कधीपासून कधीपर्यंत, त्या काळात काय त्रास सुरू झाला. ब्रँडचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, क्लोरप्रोमाझिन ही जुन्या पिढीतली. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अमिसुलप्राइड, अरिपिप्राझोल, क्लोझापिन ही नव्या पिढीतली. महिन्याला मिळणारं डेपो इंजेक्शन असेल तर त्याच्या तारखा लिहाच. शेवटच्या इंजेक्शननंतरही ते औषध कित्येक आठवडे, काही प्रकारांत कित्येक महिने शरीरात उतरत राहतं. "बंद केलं तरी फरक नाही" असं वाटण्याचं कारण बहुतेकदा तेच असतं.

कागदपत्रं हरवली असतील तर इस्पितळाकडून नोंदी मागा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार स्वतःच्या उपचारांच्या मूलभूत नोंदी पाहण्याचा हक्क शुभार्थीला आहे. मागताना कायद्याचं नाव लगेच पुढे करायची गरज नसते, पण माहीत असलेलं बरं.

आता हमखास निसटणारी गोष्ट. मेंदूतल्या डोपामिनला (पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाला) अडवणारी औषधं फक्त मानसोपचारतज्ज्ञच देतात असं नाही. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला बसवलेलं लेव्होसल्पिराइड, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्कर आल्यावर दिलेलं प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीसाठीचं फ्लुनारिझिन, "टेन्शनची गोळी" म्हणून मिळणारं फ्लुपेन्टिक्सॉल-मेलिट्रासेन, ही सगळी त्याच कुळातली किंवा त्याच परिणामाची. मेटोक्लोप्रामाइड बारा आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नये असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच त्याच्या वेष्टनावर घालायला लावला. आपल्याकडे मात्र लेव्होसल्पिराइडची कॅप्सूल वर्षानुवर्षं, कुणीही न विचारता, सकाळी चहाआधी घेतली जाते. ज्यांना आयुष्यात कधी मानसिक आजार झाला नाही अशा आजी-आजोबांचे हात तिच्यामुळे थरथरू लागल्याची उदाहरणं न्यूरोलॉजिस्टना नेहमी दिसतात. शुभार्थी आधीच रिस्पेरिडोनवर असेल आणि पोटासाठी हीही चालू असेल, तर भार दुप्पट. कागदावर तिचीही नोंद करा.

पायरी दुसरी: नेमकं काय हलतंय?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो. हालचालींचे त्रास मुख्यतः चार, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते सहज एकसारखे वाटतात.

पहिला, टार्डिव्ह डिस्कायनेशिया. जीभ आत-बाहेर होणं, ओठ चुंबल्यासारखे किंवा चघळल्यासारखे हलणं, जबडा तिरका सरकणं, डोळे मिचकावणं, बोटं पेटी वाजवल्यासारखी चाळवणं, धड मागे-पुढे डुलणं. हे औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी येतं. साठीच्या पुढे महिन्याभरातही येऊ शकतं. झोपेत पूर्ण थांबतं, ताणात वाढतं, आणि गंमत म्हणजे ज्याला होतं त्याला अनेकदा कळतच नाही. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी "गुटखा खातोस का रे?" असं विचारतं तेव्हा कळतं. डोपामिनचा मार्ग वर्षानुवर्षं अडवून ठेवला की त्याचे ग्राहक (पेशींवरचे त्याला पकडणारे रिसेप्टर) अतिसंवेदनशील होतात, हे त्याचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण. जुन्या पिढीच्या औषधांवर तरुण रुग्णांमध्ये दर वर्षी साधारण पाच टक्क्यांना हे नव्याने होतं, म्हाताऱ्या माणसांत त्याच्या कितीतरी पट. नव्या औषधांवर कमी, पण शून्य नाही.

दुसरा, औषधजन्य पार्किन्सनिझम. इथे हालचाल कमी होते, वाढत नाही. चेहरा मुखवट्यासारखा, चालताना हात न हलणं, अक्षर बारीक होत जाणं, बटण लावायला वेळ लागणं, हाताला कंप. हा बहुतेकांमध्ये डोस कमी केल्यावर किंवा औषध बदलल्यावर काही आठवड्यांत ते महिन्यांत उतरतो. सहा महिने होऊनही उतरला नाही, किंवा एकाच बाजूला जास्त असेल, तर आतून खरा पार्किन्सन सुरू आहे का हे न्यूरोलॉजिस्टना विचारायला हवं. ट्रोडॅट नावाच्या स्कॅनने हा फरक बराचसा कळतो.

तिसरा, अकाथिसिया. पाय थाऱ्यावर राहत नाहीत. बसलं की उठावंसं वाटतं, उभं राहिलं की पाय बदलावेसे वाटतात, घरात येरझाऱ्या चालू. आतून एक असह्य घालमेल असते. ही घालमेल आजार वाढल्यासारखी दिसते, म्हणून घरचे घाबरून फोन करतात, औषध वाढवलं जातं, आणि घालमेल आणखी वाढते. हे चक्र मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. त्यामुळे "हा अस्वस्थ आहे" एवढंच डॉक्टरांना सांगू नका. "डोस वाढवल्यापासून याला बसवत नाही, पाय हलतात, आणि याला स्वतःला ते नकोय" असं सांगा. अकाथिसियात जीव नकोसा होण्याचे विचार येतात, म्हणून ही तक्रार पुढच्या तारखेपर्यंत ठेवायची नाही.

चौथा, डिस्टोनिया. स्नायू पिळवटून अडकणं: मान एका बाजूला, डोळे वर, जबडा आवळलेला. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत आला तर इंजेक्शनने काही मिनिटांत सुटतो. उशिरा येऊन ठाण मांडणारा प्रकार वेगळा, तो चिवट.

आता हे वेगळे ओळखण्यावर एवढा भर का? ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे. शुभंकरांच्या तोंडी तिचं नाव "पॅसिटेन". अँटीसायकोटिकच्या जोडीला ही पांढरी गोळी जवळजवळ सवयीने दिली जाते. पार्किन्सनिझम आणि डिस्टोनियात ती काम करते. टार्डिव्ह डिस्कायनेशियात मात्र ती हालचाली वाढवू शकते. म्हणजे "तोंड हलतंय, पॅसिटेन वाढवा" हा सल्ला थेट उलट्या दिशेचा. शिवाय ती तोंड कोरडं करते, बद्धकोष्ठ करते, लघवी अडवते, आणि स्मरणशक्ती मंदावते. "गोळ्यांनी डोकं चालत नाही" या तक्रारीतला बराच भाग तिचा असू शकतो. अर्थात तीही एका दिवसात बंद करायची नसते, हळूहळू कमी करतात.

आणखी दोन शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्या. हाताचा बारीक कंप लिथियम किंवा व्हॅल्प्रोएटचाही असतो, थायरॉइडचाही असतो. आणि तरुण माणसात हालचालींचा त्रास व मानसिक लक्षणं एकत्र असतील तर विल्सन या तांब्याशी निगडित आजाराची रक्त-लघवी तपासणी एकदा तरी झालेली असावी. म्हाताऱ्या माणसाचं तोंड हलत असेल तर कवळी सैल नाही ना, हेही बघा. हसू नका, असं निघतं.

पायरी तिसरी: महिन्यातून एकदा व्हिडिओ

टार्डिव्ह डिस्कायनेशिया मोजण्यासाठी जगभर 'एम्स' नावाची तपासणी वापरतात (दिल्लीच्या इस्पितळाशी संबंध नाही). अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने ती १९७०च्या दशकात तयार केली. प्रत्येक भागाला शून्य ते चार गुण असतात. गुण देणं डॉक्टरांवर सोडा. पण तिच्यातल्या कृती घरी करून फोनवर चित्रित करणं कुणालाही जमतं.

हात नसलेल्या खुर्चीवर बसवा. चपला काढा. तोंडात सुपारी, च्युइंगगम काही नको. आधी नुसतं बसू द्या, हात गुडघ्यांवर. मग हात गुडघ्यांच्या मध्ये लोंबते सोडायला सांगा. तोंड उघडायला सांगा, जीभ तोंडातच; मग जीभ बाहेर काढायला सांगा; दोन्ही दोनदा. मग अंगठ्याने प्रत्येक बोटाला भराभर टेकवायला सांगा, दहा-पंधरा सेकंद, आधी एक हात, मग दुसरा. हे करताना कॅमेरा बोटांवर नको, चेहऱ्यावर आणि पायांवर ठेवा, कारण लक्ष हातांत गुंतलं की दडलेली हालचाल तोंडात आणि पायांत उघडी पडते. मग उभं करा, हात समोर, तळवे खाली. शेवटी काही पावलं चालवा, वळवा, परत आणा.

दर महिन्याला तीच खोली, तीच वेळ, तोच उजेड. गोळी घेतल्यापासून किती तास झाले ते बोलून नोंदवा. आणि हे शुभार्थीच्या संमतीने करा. लपून काढलेला व्हिडिओ सापडला तर ज्याच्या आजारात संशय आहे त्याच्यासाठी ते किती वाईट, हे वेगळं सांगायला नको. वर्षभरानंतर पहिला आणि शेवटचा व्हिडिओ शेजारी ठेवले की आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही. ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, त्यात ही चित्रफीत दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते. डॉक्टरांकडूनही वर्षातून एकदा, आणि धोका जास्त असलेल्यांची सहा महिन्यांतून एकदा, ही तपासणी व्हायला हवी अशी अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०२० ची शिफारस आहे.

याच वहीत दर महिन्याचं वजन, कमरेचा घेर, पाळीच्या तारखा आणि झोपेचे तासही लिहा.

पायरी चौथी: औषधात काय बदलता येतं

डॉक्टरांपुढे मांडायचे पर्याय साधारण तीन.

एक, डोस कमी करणं. इथे एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं सोपं जातं. टोरांटोत शितिज कपूर यांच्या गटाने २००० साली हॅलोपेरिडॉल घेणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. डोपामिनचे ग्राहक साधारण ६५ टक्के व्यापले की आजारावर परिणाम दिसू लागला, ७२ टक्क्यांच्या वर प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) वाढलं, आणि ७८ टक्क्यांच्या वर हालचालींचे त्रास सुरू झाले. म्हणजे उपयोग आणि त्रास यांच्यातला पट्टा अरुंद आहे, आणि अनेक जण गरज नसताना त्याच्या वरच्या टोकाला असतात. पण डोस आणि व्याप्ती (किती ग्राहक व्यापले) यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. ते सह्याद्रीच्या पठारासारखं आहे: वर लांबवर सपाट, आणि मग एकदम कडा. मोठ्या डोसमधून थोडा कमी केला तर मेंदूत जवळजवळ काहीच बदलत नाही. शेवटच्या छोट्या तुकड्यात मात्र व्याप्ती धाडकन कोसळते. म्हणून "अर्धी केली, काही झालं नाही, आता उरलेली अर्धी बंद" हा हिशोब फसतो. कमी करताना प्रत्येक पाऊल त्या वेळच्या डोसच्या प्रमाणात घ्यायचं, म्हणजे डोस जितका खाली, पाऊल तितकं लहान, आणि दोन पावलांत कित्येक आठवडे ते महिने.

पूर्ण बंद करण्याबद्दल दोन अभ्यास माहीत असावेत. नेदरलँड्समध्ये आजाराच्या पहिल्या झटक्यानंतर डोस कमी केलेल्या गटाचा आजार सुरुवातीला जास्त वेळा उलटला, पण सात वर्षांनी पाहिलं तर (हे निकाल २०१३ मध्ये आले) कामधंदा, घर, नाती यांसह सावरलेल्यांचं प्रमाण त्या गटात ४० टक्के होतं, औषध तसंच ठेवलेल्यांत १८ टक्के. इंग्लंडमधल्या 'रडार' चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले: दोन वर्षांत सामाजिक वावरात फरक नाही, आणि आजार गंभीरपणे उलटण्याचं प्रमाण डोस कमी करणाऱ्यांत २५ टक्के, इतरांत १३ टक्के. दोन्ही खरे. माझं मत विचाराल तर कमी करणं अनेकांसाठी योग्य ध्येय आहे, शून्य करणं फार थोड्यांसाठी, आणि ते कुणासाठी हे आधीपासून ओळखता येत नाही. पूर्वी झटका आला तेव्हा काय झालं होतं, जिवावर बेतलं होतं का, यावर बरंच अवलंबून.

डोस उतरवल्यावर तोंडाच्या हालचाली काही आठवडे वाढलेल्या दिसू शकतात. घाबरून परत डोस चढवला की त्या झाकल्या जातात, आणि सगळ्यांना वाटतं की औषधाने बरं झालं. त्या फक्त झाकल्या गेलेल्या असतात.

दोन, औषध बदलणं. टार्डिव्ह डिस्कायनेशियात क्वेटियापिन किंवा क्लोझापिनकडे वळतात, कारण त्यांची डोपामिनवरची पकड सैल. क्लोझापिनला पांढऱ्या पेशींची नियमित रक्ततपासणी लागते आणि बद्धकोष्ठाकडे डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं. बदलतानाही जुनं हळू उतरवत नवं हळू चढवतात.

तीन, त्रासावरच औषध. अकाथिसियात प्रोप्रानोलॉल किंवा छोट्या डोसमध्ये मिर्टाझापिन. टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये व्हॅलबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन यांना मान्यता मिळाली. व्हॅलबेनाझिनच्या मुख्य चाचणीत सहा आठवड्यांत हालचाली निम्म्याने घटलेल्यांचं प्रमाण मोठ्या डोसवर ४० टक्के होतं, नुसत्या साखरेच्या गोळीवर ९ टक्क्यांच्या आत. याच जातीचं जुनं औषध टेट्राबेनाझिन भारतात बऱ्याच वर्षांपासून मिळतं. पण ते मन खिन्न करू शकतं, आत्महत्येचे विचार आणू शकतं, म्हणून नैराश्याचा इतिहास असेल तर तो आधी सांगा. मान किंवा पापण्यांच्या डिस्टोनियासाठी बोटॉक्सची इंजेक्शनं मिळतात. त्यासाठी मूव्हमेंट डिसऑर्डर पाहणारा न्यूरोलॉजिस्ट गाठा.

टेट्राबेनाझिन मेंदूत ज्या जागी काम करतं, साधारण तिथेच सर्पगंधेतलं रिसर्पिन काम करतं. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्माद आणि रक्तदाबावरचा उपयोग १९३१ मध्येच नोंदवला होता. म्हणून कुणी काढ्याचं सुचवलं तर ते अगदी हवेतलं नसतं, पण रक्तदाब घसरणं आणि खोल नैराश्य हे धोकेही तितकेच खरे. त्याहून जपून राहायचं ते कवचबीजापासून, म्हणजे खाजकुयलीच्या बिया किंवा कौंचपाक. त्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं, ज्याचं शरीरात डोपामिन बनतं. कंपासाठी म्हणून ते सुरू केलं तर भास परत येऊ शकतात.

किती बरं होतं? पार्किन्सनिझम आणि अकाथिसिया बहुतेकदा उतरतात. टार्डिव्ह डिस्कायनेशिया लवकर पकडला आणि वय कमी असेल तर महिन्या-वर्षांत पुष्कळ कमी होऊ शकतो. अनेकांत थोडा राहतोच. उपचाराने तो सुसह्य करणं हे मग ध्येय होतं.

पायरी पाचवी: वजन, साखर, कंबर

ओलान्झापिन आणि क्लोझापिन भूक अशी पेटवतात की पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. इथे "खाण्यावर ताबा ठेव" हे बोलणं बंद करा, तो ताबाच औषधाने सैल केलेला असतो. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या पुढे जास्त वजन. उपाशीपोटीची साखर, चरबी आणि रक्तदाब औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी, आणि मग निदान वर्षातून एकदा तपासा.

मेटफॉर्मिनबद्दल स्वतःहून विचारा. ते फक्त मधुमेहींसाठी नाही. सरासरी तीनेक किलो वजन उतरवतं, आणि लवकर सुरू केलं तर चढणंही रोखतं. २०२४ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ओलान्झापिन किंवा क्लोझापिन सुरू करतानाच ते सोबत देण्याची शिफारस आहे. मूत्रपिंडाची तपासणी आधी हवी.

घरात सगळ्यात उपयोगी ठरतं ते रात्रीच्या गोळीनंतरच्या दोन तासांचं नियोजन. भूक तेव्हाच उसळते. जेवण गोळीच्या जरा आधी, त्यात उसळ किंवा डाळ भरपूर, भात मोजून. आणि फरसाण, बिस्किटं, वेफर्स घरातच नकोत. कुलूप लावून ठेवण्यापेक्षा न आणणं बरं. तहान लागते म्हणून थंड पेयं पिणाऱ्यांना ताक, लिंबूपाणी बिनसाखरेचं.

विडी-सिगारेट सोडताना मात्र डॉक्टरांना आधी कळवा. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडतं. धूर बंद झाला की तोच डोस अंगावर जास्त येतो, सुस्ती आणि फिट येण्याचा धोका वाढतो. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. विडी सोडून तंबाखू मळायला लागलेल्या माणसालाही तो लागू.

पायरी सहावी: ज्याबद्दल कुणी बोलत नाही

रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, अमिसुलप्राइड आणि जुनी औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. पाळी थांबते, गरोदर नसताना छातीतून दूध येतं, पुरुषांत इच्छा आणि ताठरता कमी होते. वर्षानुवर्षं राहिलं तर हाडं विरळ होतात. लग्न ठरलेल्या मुलीने आईसमोर, आणि नवऱ्याने बायकोसमोर हे सांगायचं कसं, म्हणून ते सांगितलंच जात नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. शुभंकरांनी तपासणीच्या वेळी काही मिनिटं स्वतःहून बाहेर जाऊन बसावं.

तपासणी साधी रक्ताची. फार वाढलेलं असेल, किंवा डोकेदुखी आणि नजरेत फरक असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय सांगतात. डोस कमी करणं, औषध बदलणं, किंवा छोट्या डोसमध्ये अरिपिप्राझोल जोडणं हे उपाय. पोटासाठी डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड चालू असेल तर त्यानेही प्रोलॅक्टिन चढतं. आणि एक धोक्याची जागा: औषध बदलल्यावर पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं. मूल नको असेल तर गर्भनिरोधनाचं आधीच ठरवा.

रोजच्या गोष्टी

जीभ-जबडा हलत असेल तर दंतवैद्याला आजार सांगूनच दाखवा. घास अडकत असेल, जेवताना ठसका लागत असेल तर मऊ भात, खिचडी, ताठ बसून लहान घास, आणि गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्ट. शरीर आखडलं असेल तर तालावर चालण्याचा फायदा होतो. मोबाइलवर ढोलकीचा ठेका लावून चाला. चहा-कॉफी जास्त झाली की घालमेल वाढते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतात, त्यामुळे दुपारी शेतात किंवा बाजारात पाठवू नका.

मन बोथट झालंय असं वाटत असेल तर ते औषधाचं, नैराश्याचं, की आजाराचंच, हे एका भेटीत ठरत नाही. डोस बदलण्याआधी आणि नंतर दिवसभरात काय काय केलं याची नोंद ठेवली तर ठरवायला मदत होते.

याबद्दल मोकळेपणाने बोलायला पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांचे स्वमदत गट आहेत. तिथे येणाऱ्यांना हे सगळं समजावून सांगावं लागत नाही, हा मोठा आराम.

कधी थांबायचं नाही

खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, भान हरपणं: ही चारही एकत्र आली तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची (या औषधांच्या क्वचित होणाऱ्या जीवघेण्या दुष्परिणामाची) शंका घेऊन थेट मोठ्या इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात, सोबत औषधांची पाकिटं. घसा आवळून श्वास अडकला, क्लोझापिनवर असताना पोट फुगून दुखतंय आणि शौचाला झालेलं नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, तेव्हाही तसंच. डोस कमी करताना सलग दोन रात्री झोप नसेल, जुना संशय डोकं वर काढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ वर आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

डोस कमी करायला घेण्याआधी, तब्येत ठीक असतानाच, शुभार्थीने एक कागद लिहून ठेवावा: झटका आला तर कुणाला बोलवायचं, कोणतं औषध पूर्वी चाललं, कोणतं अजिबात नको. २०१७च्या कायद्यात अशा आगाऊ सूचनापत्राची आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे.

आणि दुष्परिणाम नक्की झाला की तो कळवा. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातून चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. तिथे रुग्ण किंवा नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतो, डॉक्टरांची सही लागत नाही. ॲसिडिटीच्या कॅप्सूलने हात थरथरू लागले असतील, तर ते तर नक्की कळवा.